गेटवर अडवलं, तर दाद कुठे मागायची?

अपार्टमेंट संकुलांमधल्या खासगी सुरक्षारक्षकांबद्दल अमेरिकेतल्या मराठी वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत. पाचवा पुण्याचा आहे. तिथला कायदा वेगळा, म्हणून उत्तरही वेगळं.

प्रश्न : माझे वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आहेत. संध्याकाळी संकुलात फेऱ्या मारताना क्लबहाऊसपाशी गार्डने त्यांना ओळखपत्र मागितलं. त्यांचं इंग्रजी बेताचं, पासपोर्ट घरी. गार्डने दंडाला धरून ऑफिसात नेलं आणि मी पोचेपर्यंत पाऊण तास बसवून ठेवलं. दंडावर वळ उठले आहेत. त्याच वेळी बाकीचे लोक ये-जा करत होते, त्यांना कोणी हटकलं नाही. 'सिव्हिल राइट्स'चा खटला भरता येईल का? — एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : भरता येईल. पण त्या एका नावाखाली चार-पाच निरनिराळे कायदे येतात, आणि चुकीचा निवडला तर वडिलांवर काय गुदरलं हे ज्युरीच्या कानावर जाण्याआधीच दावा फेटाळला जातो.

सगळ्यांच्या तोंडी असतं ते केंद्राच्या कायद्यातलं कलम १९८३. हा कलमाचा आकडा; मूळ कायदा १८७१चा. पोलिसांविरुद्धचे बहुतेक दावे याच कलमाखाली चालतात. त्याची मुख्य अट अशी की, समोरच्याने सरकारी अधिकाराच्या जोरावर तुमचा हक्क मोडलेला असला पाहिजे. घरमालकाने कंत्राटावर ठेवलेला गार्ड सहसा या अटीत बसत नाही. शिकागो हाउसिंग ऑथॉरिटीच्या, म्हणजे चक्क सरकारी मालकीच्या इमारतीत, लॉबीतल्या खासगी गार्डने एका माणसावर गोळी झाडली होती. 'वेड विरुद्ध बाइल्स' या खटल्यात १९९६ साली सातव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्राच्या न्यायव्यवस्थेतल्या सातव्या विभागाच्या, अपील न्यायालयाने म्हटलं की या गार्डचे अधिकार लॉबीपुरते होते: घुसखोराला पोलिस येईपर्यंत धरून ठेवायचं आणि जिवावर बेतलं तर बचाव करायचा. एवढे अधिकार सामान्य माणसालाही असतात, म्हणून तो सरकारचा माणूस ठरत नाही. कलम १९८३ तिथेच संपलं.

याच्या उलट निकाल २००५चा, सहाव्या सर्किटचा 'रोमान्स्की' खटला. डेट्रॉइटच्या कसिनोत ७२ वर्षांच्या बाईंनी मशीनच्या ट्रेमध्ये कुणी तरी सोडून गेलेलं पाच सेंटचं टोकन उचललं, म्हणून गार्डनी त्यांना आतल्या खोलीत नेऊन अडकवून ठेवलं आणि मग बाहेर काढलं. मिशिगनच्या कायद्याने त्या गार्डना कसिनोच्या आवारात पोलिसांइतकाच अटकेचा अधिकार दिलेला होता. त्यामुळे कलम १९८३ लागू झालं. ज्युरीने ८,७५,००० डॉलर दंडात्मक भरपाई दिली. अपिलात ती ६,००,००० वर आली.

तेव्हा पहिली चौकशी ही करा, की या गार्डला अटकेचा अधिकार दिला कोणी? न्यू जर्सीत गार्डची राज्याकडे नोंदणी लागते आणि २४ तासांचं प्रशिक्षण लागतं. पण नोंदणी म्हणजे पोलिसी अधिकार नव्हे. त्यामुळे तुमच्या प्रकरणात कलम १९८३वर भिस्त ठेवू नका. न्यू जर्सीचा स्वतःचा नागरी हक्क कायदाही इथे कामाचा नाही. खासगी व्यक्तीच्या दाव्यात तिथेही सरकारी अधिकाराची अट आहे, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 'पेरेझ विरुद्ध झगामी' या खटल्यात २०१४ साली स्पष्ट केलं.

तुमच्या उपयोगाचे मार्ग वेगळे आहेत. सर्वांत भक्कम म्हणजे राज्याच्या कायद्यातला मारहाणीचा आणि बेकायदा अटकावाचा साधा दिवाणी दावा. त्यात भेदभाव सिद्ध करावा लागत नाही. दंडाला धरलं, जाऊ दिलं नाही, आणि तसं करायला कायदेशीर कारण नव्हतं, एवढं पुरतं. दुकानदाराला चोरीच्या संशयावरून गिऱ्हाइकाला थोडा वेळ थांबवायची जी सवलत असते, ती अपार्टमेंटच्या अंगणात लागू होत नाही. मुदत दोन वर्षं.

भेदभावाची बाजू मांडायला न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा आणि केंद्राचा १९६८चा फेअर हाउसिंग ॲक्ट आहे. दोन्ही खासगी घरमालकालाही बांधतात. सरकारी अधिकाराची अट नाही. राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे तक्रार १८० दिवसांत, राज्याच्या न्यायालयात दावा दोन वर्षांत. 'हड', म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे तक्रार एका वर्षात, फेडरल न्यायालयात दावा दोन वर्षांत. खात्याकडे तक्रार चालू असेल तो काळ या दोन वर्षांत धरत नाहीत. तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. शिवाय वंशावरून भेदभाव करायला मनाई करणारं केंद्राचं कलम १९८१ आहे (हाही कलमाचा आकडा). तेही खासगी माणसांना लागू होतं आणि त्यात वंशाबरोबर वांशिक मूळही येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितलं. मात्र २०२०च्या 'कॉमकास्ट' निकालानंतर 'वंश हा एक मुद्दा होता' एवढं म्हणून भागत नाही. वंश वेगळा असता तर हे घडलंच नसतं, इथपर्यंत पुरावा न्यावा लागतो.

हा पुरावा मिळतो कुठे? आधी कॅमेऱ्यात. पाऊण तासात क्लबहाऊसच्या दारातून किती जण गेले आणि त्यांतल्या किती जणांना हटकलं, हे फुटेज दाखवतं. त्या दाराला फॉब, म्हणजे इलेक्ट्रॉनिक किल्ली, लागत असेल तर फॉबच्या नोंदी. आणि सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे 'पोस्ट ऑर्डर्स': त्या जागी उभ्या असणाऱ्या गार्डने काय करायचं, काय नाही, याच्या लेखी सूचना. 'प्रत्येकाचं ओळखपत्र पाहा' असं त्यात लिहिलेलं असेल आणि पाहिलं फक्त तुमच्या वडिलांचं, तर भेदभावाचा मुद्दा उभा राहतो. 'अंगाला हात लावू नका, पोलिसांना बोलवा' असं असेल, तर मारहाणीचा मुद्दा निम्मा सुटला.

फुटेज अनेक ठिकाणी दोन ते चार आठवड्यांत पुसलं जातं. म्हणून वकील मिळायची वाट न पाहता आजच पुरावा जपून ठेवण्याचं पत्र पाठवा. तारीख, वेळ आणि जागा अचूक लिहा. क्लबहाऊस, ऑफिस आणि गेट या प्रत्येक कॅमेऱ्याचं फुटेज, गार्डच्या अंगावर कॅमेरा असेल तर तेही, घटनेचा अहवाल, त्या पाळीचा रोजचा अहवाल, ड्यूटीचं वेळापत्रक, फॉबच्या नोंदी, पोस्ट ऑर्डर्स, सुरक्षा कंपनीशी झालेला करार, गार्डच्या प्रशिक्षणाचे कागद आणि त्याच्याविरुद्धच्या आधीच्या तक्रारी, सगळं नावानिशी मागा. नुसतं 'सर्व पुरावे जपा' लिहिलं, तर नंतर 'हे त्यात येतं हे आम्हाला कळलं नाही' असं उत्तर मिळतं. पत्र तिघांना जाऊ द्या: मालक, मॅनेजमेंट कंपनी, सुरक्षा कंपनी. संकुलाच्या पाटीवरचं नाव हे बहुधा नुसतं नाव असतं. मालक वेगळीच एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असते आणि तिचं नाव लीजवर सापडतं. सुरक्षा कंपनीचा नोंदणीकृत प्रतिनिधी राज्याच्या व्यवसाय-नोंदणीच्या संकेतस्थळावर मिळतो. सर्टिफाइड मेल पोचपावतीसह, आणि सोबत ईमेल.

वडील परत जाण्यापूर्वी तीन गोष्टी उरका. डॉक्टरला दाखवून वळांची नोंद करून घ्या. फोटो रोज एक, मोजपट्टी शेजारी धरून, कारण वळ दिवसागणिक बदलत जातो आणि रोजच्या फोटोंत तो बदल नोंदला जातो. दुसरं, घडलं ते त्यांनी स्वतः मराठीत लिहू द्या, तारीख घालून सही करू द्या, आणि मग भाषांतर करून घ्या. मुलाने इंग्रजीत लिहायचं आणि वडिलांनी खाली सही करायची, असं केलंत तर उलटतपासणीत तुमचेच शब्द त्यांच्या गळ्यात येतात. फेडरल न्यायालयासाठी नोटरी लागत नाही, खोटं बोलल्यास शिक्षेची जाणीव असल्याचं वाक्य चालतं. मात्र भारतात सही होणार असेल तर त्या वाक्यात 'अमेरिकेच्या कायद्यानुसार' हे शब्द लागतात. तिसरं, लीजमधलं पाहुण्यांचं कलम वाचा. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याची लेखी नोंद करायची अट पुष्कळ लीजमध्ये असते. नोंद केली नसेल तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल. त्याने गार्डला दंड धरायचा हक्क मिळत नाही, पण तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

प्रश्न : आमच्या संकुलातला गार्ड पोलिसच्या गणवेशात असतो. चौकशी केल्यावर कळलं की तो खरोखरच शहराचा पोलिस आहे आणि भाड्यात सवलत घेऊन इथेच राहतो. त्याने माझ्या मित्राला पार्किंगमध्ये गाडीवर दाबून झडती घेतली. तरीही हा 'खासगी गार्ड'च का? — प्लेनो, टेक्सास

उत्तर : अशांना तिकडे 'कर्टसी ऑफिसर' म्हणतात, आणि यांच्याबाबत कलम १९८३ खरोखर उपयोगी पडू शकतं. १९६० साली मेरीलँडमधल्या ग्लेन एको करमणूक उद्यानात कृष्णवर्णीय तरुणांना तिथल्या पगारी गार्डने अटक केली होती. त्याच्याकडे काउंटीच्या शेरीफने दिलेला डेप्युटीचा बिल्ला होता. 'ग्रिफिन विरुद्ध मेरीलँड' या १९६४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारने दिलेला अधिकार वापरून केलेली कृती सरकारी ठरते. मालकाने सांगितलं म्हणून केली, हा बचाव नाही.

पण नोकरी पोलिसाची आहे एवढ्यावर भागत नाही. त्या क्षणी त्याने पोलिसी अधिकार वापरला का, हे न्यायालय पाहतं. म्हणून मित्राने आठवून लिहावं: बिल्ला दाखवला का, 'अटक करीन' म्हणाला का, बेड्या काढल्या का, रेडिओवर पोलिस कक्षाशी बोलला का, लायसन्स घेऊन पोलिसांच्या संगणकावर तपासलं का, सरकारी गाडी होती का. रेडिओ आणि संगणकाच्या नोंदी मागे राहतात, त्या नाकारता येत नाहीत. टेक्सासच्या सार्वजनिक माहिती कायद्याखाली पोलिस खात्याकडे त्या नोंदी मागा आणि त्याच अर्जात त्या पोलिसाच्या बाहेरच्या कामाच्या परवानगीची प्रतही मागा. परवानगीच्या अटींत 'गणवेश चालेल, खात्याचे नियम लागू राहतील' असं असेल तर ते तुमच्या बाजूचं आहे. माहिती दडवायची असेल तर खात्याला साधारण दहा कामकाजी दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे जावं लागतं.

शहराला प्रतिवादी करण्याआधी विचार करा. नोकराच्या कृतीसाठी मालक जबाबदार, हे तत्त्व कलम १९८३ला लागू नाही (सर्वोच्च न्यायालयाचा 'मोनेल' निकाल, १९७८). शहराचं धोरण किंवा रुळलेली पद्धत दाखवावी लागते. टेक्सासमध्ये मुदत दोन वर्षं.

प्रश्न : दावा नेमका कोणावर करायचा? गार्डकडून काय मिळणार? वकिलाचा खर्च परवडेल का? — फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

उत्तर : गार्डवर राग काढून थांबू नका. तासाच्या मजुरीवर उभा असलेला तो माणूस भरपाई देऊ शकत नाही, आणि त्याला प्रशिक्षण न देता उभा करणारे बाजूला राहतात. कॅलिफोर्नियात गार्डने ४० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं असतं: आठ तास कामाला लागण्याआधी, सोळा तास पहिल्या तीस दिवसांत आणि सोळा तास सहा महिन्यांत. त्याच्या प्रशिक्षणाच्या तारखा आणि ड्यूटीच्या तारखा समोरासमोर ठेवल्या की कंपनीचा निष्काळजीपणा कागदावरच दिसतो.

मालक म्हणेल, गार्ड कंत्राटदाराचा. फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये नेहमीची मालक-नोकर जबाबदारी लागू होते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३च्या 'मेयर विरुद्ध हॉली' निकालात सांगितलं, म्हणजे मुद्दा ताब्याचा. गार्डला रोजच्या सूचना कोण देतं? कोणाला काढा म्हणून कोण सांगतं? मॅनेजरचे गार्डला गेलेले ईमेल आणि टेक्स्ट इथे निर्णायक ठरतात. करारातली नुकसान भरून देण्याची अट आणि विमाही पाहा. विम्यात मारहाण वगळलेली असणं फार सामान्य आहे. म्हणून दाव्यात मारहाणीबरोबर चुकीची भरती, अपुरं प्रशिक्षण आणि देखरेखीतली हयगयही मांडतात. तरीही पॉलिसीच्या शब्दरचनेवर बरंच ठरतं, आणि वकिलाने ती सुरुवातीलाच मिळवायला हवी.

तुमच्या राज्यात बेन ॲक्ट आहे. धमकी, दहशत किंवा बळजबरीने हक्क अडवले तर तो खासगी माणसालाही लागतो. किमान भरपाई ४,००० डॉलर, प्रत्यक्ष नुकसानीच्या तिपटीपर्यंत वाढू शकते, वर वकिलाची फी. कलम १९८३ आणि १९८१च्या दाव्यात जिंकणाऱ्याला फी मिळते ती कलम १९८८खाली. फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये तशी वेगळी तरतूद आहे. त्यामुळे असे वकील बहुधा आगाऊ पैसे घेत नाहीत. मिळालेल्या रकमेच्या एक-तृतीयांश ते ४० टक्के हा नेहमीचा वाटा. न्यायालयाने दिलेली फी त्या वाट्यातून वळती होणार की वर मिळणार, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

दावे बिघडतात ते ठरलेल्या जागी. गार्डचं नाव कळत नाही म्हणून 'जॉन डो' लिहून दावा करतात आणि मुदत संपल्यावर खरं नाव घालायला जातात. अनेक फेडरल न्यायालयं ते मान्य करत नाहीत. नाव मुदतीच्या निदान चार-सहा महिने आधी मिळवा. दुसरं, फेडरल मुद्दा फेटाळला गेला की न्यायाधीश राज्याच्या कायद्याखालचे मुद्देही ऐकायचे नाकारू शकतात. मग राज्याच्या न्यायालयात नव्याने जायला कमीत कमी ३० दिवस मिळतात, ते गाफीलपणे घालवू नका. तिसरं, 'एक महिन्याचं भाडं माफ करतो, इथे सही करा' म्हणून येणारा कागद. त्यात सगळे दावे सोडल्याचं वाक्य असतं. वकिलाने पाहिल्याशिवाय सही नको.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. दावा केला तर व्हिसाला किंवा लीजला धक्का लागेल का? आणि गार्डचं मोबाइलवर चित्रण केलं तर चालतं का? — जर्सी सिटी

उत्तर : दिवाणी दाव्यात वादी असण्याचा व्हिसाशी संबंध नाही. कलम १९८१ तर देशाच्या हद्दीतल्या 'सर्व व्यक्तीं'बद्दल बोलतं, फक्त नागरिकांबद्दल नाही. तक्रार केली म्हणून लीज न वाढवणं, दंड लावणं, धमकावणं हे फेअर हाउसिंग ॲक्टखाली वेगळं उल्लंघन आहे. म्हणून तक्रार लेखी करा; तोंडी तक्रारीनंतर आलेली नोटीस सुडाची आहे हे दाखवणं कठीण जातं.

चित्रणाचं म्हणाल तर न्यू जर्सीत ज्या बोलण्यात तुम्ही स्वतः सहभागी आहात ते रेकॉर्ड करता येतं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात खासगी संभाषण सर्वांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. कुठेही असा, फोन उघडपणे हातात धरा, लांब उभे राहा. मूळ फाइल कापू नका, त्यावर अक्षरं टाकू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला गार्डने चोरीच्या संशयावरून दोन तास केबिनमध्ये डांबलं, मोबाइल काढून घेतला. सापडलं काहीच नाही. सेक्रेटरी म्हणतात, गार्ड एजन्सीचा, सोसायटीचा संबंध नाही. — कोथरूड, पुणे

उत्तर : संशयावरून डांबायचा अधिकार गार्डला नाही आणि सेक्रेटरींनाही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य माणूस दुसऱ्याला पकडू शकतो तो डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, किंवा तो फरारी म्हणून जाहीर झालेला असेल तर. त्यातही विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. तुमच्या प्रकरणात हे काहीच नव्हतं. हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खालचा बेकायदा डांबून ठेवण्याचा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे 'एनसी (अदखलपात्र नोंद) करून देतो' हे उत्तर स्वीकारू नका. ठाण्यात नोंदवून घेतलं नाही तर पोलिस आयुक्तालयात लेखी अर्ज द्या आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर ते शब्द जसेच्या तसे, कोणासमोर उच्चारले यासह, पहिल्याच जबाबात यायला हवेत. ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं त्यावरच लागतात.

घटनेच्या कलम १९ आणि २१चे मूलभूत हक्क खासगी माणसांविरुद्धही मागता येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३च्या 'कौशल किशोर' निकालात बहुमताने म्हटलं आहे. तरी अशा प्रकरणात पहिलं पाऊल ठाण्यात आणि दिवाणी न्यायालयात टाकावं. डांबून ठेवल्याबद्दल भरपाईच्या दाव्याची मुदत सुटका झाल्यापासून फक्त एक वर्ष आहे.

सेक्रेटरींच्या बोलण्याचं उत्तर सोसायटीच्याच वहीत सापडेल. 'कामवाल्यांची झडती घ्या' असा ठराव, सूचनाफलकावरची नोटीस किंवा व्हॉट्सॲप गटावरचा निरोप असेल तर गार्डने सोसायटीचं काम केलं. त्याचे फोटो आधी काढून ठेवा, मग सेक्रेटरींशी बोला. एजन्सीकडे २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे का आणि त्या गार्डकडे छायाचित्राचं ओळखपत्र आहे का, हे लेखी विचारा. नसेल तर तक्रार राज्याच्या परवाना देणाऱ्या नियंत्रक अधिकाऱ्याकडे करा. गार्ड महाराष्ट्राच्या १९८१च्या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळाने पाठवलेला असेल, तर मंडळाकडे. मोबाइल परत मिळाला नसेल तर पोलिसांच्या अर्जात आयएमईआय क्रमांक लिहा. तो खोक्यावर किंवा बिलावर असतो.